'डाली'चा तपास: एक सैल वायर, चुकीच्या कामाला लावलेला पंप आणि चार मिनिटं

२६ मार्च २०२४ च्या पहाटेचा तो व्हिडिओ बघितला नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. बाल्टिमोरचं बंदर, कंटेनर जहाज 'डाली' शांतपणे नदीतून बाहेर चाललंय, अचानक जहाजावरचे सगळे दिवे जातात, थोड्या वेळाने येतात, परत जातात, परत येतात, आणि मग फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबाला जहाज लागतं आणि पूल काही सेकंदांत पाण्यात. व्हॉट्सॲपवर तर दोन दिवसांत सगळा तपास पूर्ण पण झाला होता, कोणी म्हणे सायबर हल्ला, कोणी म्हणे खराब डिझेल भरलं, कोणी म्हणे क्रू झोपला होता. खरा तपास संपायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि हाती लागली एक बारीकशी कंट्रोल वायर, जी टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती कारण तिच्यावरचं लेबल मध्ये येत होतं.

हे वाचून बरेच जण 'बस एवढंच?' म्हणून पुढे गेले. पण मी जहाजावर इलेक्ट्रिकलच्या बाजूला काही वर्षं काढलीत, त्यामुळे मला हे प्रकरण त्या वायरीपाशी संपत नाही असं वाटतं, उलट तिथून सुरू होतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितो. पूल म्हटलं की नदीवरचा पूल समजा, जहाजाच्या ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीला, मी व्हीलहाऊस म्हणणार आहे, नाहीतर गोंधळ होईल.

आधी जहाज. साधारण ३०० मीटर लांब, सिंगापूरचा झेंडा, २०१५ साली कोरियात बांधलेलं, क्षमता जवळजवळ १०,००० कंटेनरची. बाल्टिमोरहून कोलंबोला निघालं होतं, क्रू २१ जणांचा, त्यातले २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा, वर दोन लोकल पायलट, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणारे स्थानिक जाणकार. रात्री १२:३९ च्या सुमाराला धक्का सोडला, दोन टगनी (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) बाहेर काढलं, चॅनेलला लागल्यावर टग सोडून दिले, जे तिथे नेहमीचंच होतं.

आता घड्याळ बघा. व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, त्यात १:२४:५९ ला एकदम खूप अलार्म ऐकू येतात. पूल तेव्हा तीन जहाजांच्या लांबीवर, वेग ९ नॉटच्या (ताशी साधारण १७ किमी) आसपास. १:२६:३९ ला पायलट रेडिओवर टग मागतो. १:२७:०४ ला डावा अँकर टाकायची ऑर्डर. १:२७:२५ ला पायलट रेडिओवर सांगतो की पॉवर पूर्ण गेली आहे आणि आम्ही पुलाकडे चाललोय. १:२९ ला धडक. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटंच, एवढ्या वेळात चहाला उकळी पण येत नाही.

मध्ये साधारण एक मिनिट असं आहे की ज्यात व्हीडीआरवर सेन्सरचा डेटाच नाही. असं का, तर मेन सप्लाय गेला की व्हीडीआर बॅटरीवर जातो आणि बॅटरीवर तो फक्त व्हीलहाऊसमधले आवाज रेकॉर्ड करतो, वेग, दिशा, सुकाणू वगैरे काही नाही. म्हणजे नेमकं ज्या मिनिटात काय झालं ते सगळ्यात जास्त हवंय तेच मिनिट कोरं. आणि डेटा असता तरी कुठला ब्रेकर कशामुळे पडला हे जहाजाचा व्हीडीआर सांगत नाही, विमानाच्या रेकॉर्डरशी त्याची तुलनाच नको. म्हणून अशा तपासात बाकीचे तुकडे जोडावे लागतात, इंजिनच्या बाजूचे अलार्म लॉग, किनाऱ्यावरचे कॅमेरे, रेडिओचं रेकॉर्डिंग, एआयएस (जहाज आपली जागा आणि वेग सतत प्रसारित करतं ती यंत्रणा), क्रूचे जबाब, आणि या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, दहा-वीस सेकंदांचा फरक तर सहज. चार मिनिटांच्या गोष्टीत वीस सेकंद चुकले तर कारण आणि परिणाम उलटसुलट होतात. तपासातलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं, पण याचा व्हिडिओ कोणी व्हायरल करत नाही.

तपास मुख्यतः अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने केला, एनटीएसबीने. यांचं काम दोषी ठरवणं नाही, कारण शोधणं आहे, आणि त्यांनी काढलेलं कारण अमेरिकेत कोर्टात नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरताच येत नाही, कायदाच तसा आहे. गुन्ह्याचा तपास एफबीआयचा, तो वेगळा, आणि त्यात क्रूचे फोन जप्त झाले. मला विचाराल तर ही फारकत फार शहाणपणाची आहे, माणूस खरं बोलायला तयार व्हायचा असेल तर निदान एक टेबल असं हवं जिथे समोरचा हातात बेड्या घेऊन बसलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, व्हिडिओत दिवे दोनदा जातात. बहुतेकांनी ते 'लाईट ये-जा करत होती' असं बघितलं. पण दोन ब्लॅकआउट म्हणजे दोन कारणं असू शकतात, आणि इथे खरोखरच दोन वेगळी कारणं होती.

जहाजाची वीज कशी फिरते ते थोडक्यात सांगतो. डिझेल जनरेटर ६,६०० व्होल्ट बनवतात, ते हाय व्होल्टेज बसवर (जिथून वीज पुढे वाटली जाते ती मुख्य पट्टी) जातं, तिथून ट्रान्सफॉर्मरमधून ४४० व्होल्टच्या लो व्होल्टेज बसवर, आणि दिवे, पंप, सुकाणूचे पंप असं बहुतेक सगळं त्या ४४० वर. ट्रान्सफॉर्मर दोन, एक चालू, एक राखीव. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला एक ब्रेकर आणि खालच्या बाजूला एक. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर एचआर-१ आणि एलआर-१, दुसऱ्याचे एचआर-२ आणि एलआर-२. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१:२५ च्या सुमाराला एचआर-१ आणि एलआर-१ आपोआप उघडले, म्हणजे पडले (ब्रेकर उघडला की वीज तुटते). जनरेटर ३ आणि ४ मस्त चालू होते, हाय व्होल्टेज बसवर वीज होती, पण खाली ४४० वर शून्य. म्हणजे घरात मीटरपर्यंत वीज आहे आणि मेन स्विच पडलाय अशी अवस्था. दिवे गेले, सुकाणूचे पंप गेले, मेन इंजिनचे कूलिंग वॉटरचे पंप गेले, आणि पाण्याचं प्रेशर गेलं की इंजिन स्वतःला वाचवायला बंद होतं, तसं ते झालं. इंजिन वाचलं, जहाज गेलं. एवढं मोठं इंजिन परत चालू करायला जो वेळ लागतो तो त्या रात्री कोणाकडेच नव्हता.

ब्रेकर का उघडला? आता ती वायर. हाय व्होल्टेज ब्रेकरमध्ये अंडरव्होल्टेज रिलीज म्हणून एक कॉइल असते. तिला व्होल्टेज मिळतंय तोपर्यंत ती ब्रेकरला धरून ठेवते, व्होल्टेज गेलं की सोडते आणि ब्रेकर स्प्रिंगच्या जोरावर उघडतो. हेतू चांगला आहे, सप्लायच नसेल तर ब्रेकर जोडलेला राहू नये. पण कॉइलला काय कळणार की सप्लाय गेलाय का फक्त तिच्याकडे येणारी बारकी वायर सुटलीय, तिच्यासाठी दोन्ही सारखंच. त्या कॉइलच्या सर्किटमधली एक सिग्नल वायर टर्मिनल ब्लॉकमध्ये सैल होती.

ज्यांनी पॅनलमध्ये हात घातलाय त्यांच्या डोळ्यासमोर हे लगेच येईल. वायरच्या टोकाला धातूची बारीक नळी दाबून बसवतात, फेरूल, आणि त्याच्या मागे वायरचा नंबर छापलेली छोटी प्लॅस्टिकची नळी, तेच लेबल. टर्मिनल स्प्रिंगचं असतं, फेरूल आत ढकलली की स्प्रिंग तिला दाबून धरते. इथे लेबलची नळी थोडी पुढे सरकलेली, फेरूलवर चढलेली, त्यामुळे वायर आत जाताना लेबल तोंडाशीच अडलं आणि फेरूल पूर्ण खोल गेलीच नाही. बाहेरून बघा, वायर जागेवर, नंबर दिसतोय, सगळं नीटनेटकं. काँटॅक्ट होता, म्हणून टेस्टिंगला पास. आणि मग जहाजाची कायमची थरथर. आम्हाला सुरुवातीला एका जुन्या माणसाने सवय लावली होती, पॅनल उघडलं की प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची, आणि आम्ही त्याला हसायचो, एका पॅनलमध्ये तीनशे वायरी, कोण ओढत बसणार.

एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी या शोधाला आयफेल टॉवरमधला एक सैल रिव्हेट शोधण्याची उपमा दिली, जहाजाची लांबी आणि टॉवरची उंची जवळपास सारखीच आहे म्हणून. उपमा छान आहे पण तपास काही एकेक वायर ओढत झालेला नाही. कुठले ब्रेकर पडले हे ठरल्यावर शोध त्या ब्रेकरच्या कंट्रोल सर्किटपुरता उरतो. जहाज बांधणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर बरोबर होते, सर्किट तपासलं, सैल जोड सापडला, आणि तो जोड तोडून बघितला तर त्या रात्रीसारखाच ब्लॅकआउट होतो हे दिसलं. मग टर्मिनल ब्लॉक काढून लॅबमध्ये तपासायला नेला. सैल वायर सापडणं हा पुरावा नाही, कुठल्याही जहाजावर शोधलं तर एखादी सापडेलच. ती सोडली की तेच ब्रेकर तसेच पडतात हा पुरावा आहे.

आता दुसरा ब्लॅकआउट, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. कारण पहिल्यानंतर क्रूने ब्रेकर हाताने परत टाकले आणि ५८ सेकंदांत ४४० परत आणलं. अंधारात, अलार्मच्या कल्लोळात ५८ सेकंद, याला मी तरी हात जोडतो. (ट्रान्सफॉर्मरची निवड ऑटोवर असती तर राखीव ट्रान्सफॉर्मर काही सेकंदांत आपोआप आला असता, ती मॅन्युअलवर होती, हे पण अहवालात आहेच.) पण थोड्याच वेळात, पूल आणखी जवळ आलेला असताना, जनरेटर ३ आणि ४ चेच ब्रेकर उघडले आणि या वेळी वरची-खालची सगळीच वीज गेली.

कारण इंधन. खराब इंधन नाही, इंधनाचे नमुने तपासले, ते ठीक होते, ती अफवा तिथेच संपली. प्रश्न इंधन पोचवणाऱ्या पंपाचा. जनरेटरला इंधन द्यायला जे सर्व्हिस पंप असतात ते राखीव जोडीसकट असतात आणि वीज गेली-आली की आपोआप परत चालू होतात. 'डाली'वर जनरेटर ३ आणि ४ ला इंधन जात होतं फ्लशिंग पंपाने. फ्लशिंग पंप हा पाइपलाइन धुवून काढण्यासाठी, सोय म्हणून दिलेला, त्याला राखीव पंप नाही आणि एकदा थांबला की कोणीतरी जाऊन हाताने चालू करेपर्यंत तो थांबलेलाच.

म्हणजे साखळी अशी झाली: वायर सैल, ब्रेकर पडला, ४४० गेलं, ४४० वरचा फ्लशिंग पंप थांबला, ४४० परत आलं पण पंप नाही आला, जनरेटर पाइपमध्ये उरलेल्या इंधनावर थोडा वेळ चालले, मग प्रेशर पडलं आणि ते पण गेले. क्रूने ५८ सेकंदांत कमावलेलं पंपाने घालवलं. आणि ही काही त्या रात्रीची चूक नव्हती, तो पंप असाच वापरायची पद्धत पडून गेली होती, कंपनीच्या देखरेखीत ते पकडलं गेलं नाही. कोणाला तरी कधीतरी सोपं पडलं असणार, मग पुढच्याने तेच बघितलं, त्याच्या पुढच्याला वाटलं हे असंच असतं. वायर हा अपघात म्हणता येईल. पंप ही सवय होती.

आता थोडं मागे जाऊ, कारण तपासणाऱ्यांना अजून एक गोष्ट कळली होती. निघायच्या साधारण १० तास आधी, बंदरातच, जहाजावर दोन ब्लॅकआउट झाले होते. बातम्यांनी हे उचलून धरलं, 'आधीच बिघडलेलं जहाज सोडलं'. पण कारण बघा, एक्झॉस्टचं काम चालू असताना क्रूमधल्या एकाने चुकून चालू जनरेटरच्या एक्झॉस्टचा डॅम्पर (धुराच्या वाटेतली झडप) बंद केला, धूर बाहेर जायला जागाच नाही, जनरेटर गुदमरून बंद. मग राखीव जनरेटर आपोआप सुरू झाला, थोडा चालला, आणि इंधनाचं प्रेशर कमी म्हणून तो पण गेला. डॅम्परचा वायरीशी काही संबंध नाही, त्यामुळे बंदरातले ब्लॅकआउट आणि नदीतला पहिला ब्लॅकआउट हे वेगवेगळे. 'इंधनाचं प्रेशर कमी' हे शब्द मात्र १० तास आधी एकदा येऊन गेले होते, मला तरी तिथे थोडं थांबावंसं वाटतं.

पण यापेक्षा अंगावर काटा येतो तो पुढच्या गोष्टीने. बरेच महिने जहाज दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालत होतं, एचआर-२ आणि एलआर-२. बंदरातल्या दुसऱ्या ब्लॅकआउटनंतर सगळं परत उभं करताना क्रूने पहिला ट्रान्सफॉर्मर घेतला, एचआर-१ आणि एलआर-१. यात वावगं काहीच नाही, मीही कदाचित तेच केलं असतं, आत्ताच गडबड झालीय तर दुसऱ्या बाजूने चालवू. आणि सैल वायर होती एचआर-१ च्या सर्किटमध्ये. म्हणजे डॅम्पर बंद करणाऱ्याचा वायरीशी संबंध नाही, वायरीचा डॅम्परशी नाही, पण डॅम्पर बंद झाला नसता तर त्या रात्री बहुतेक एचआर-२ वरच जहाज निघालं असतं. याला कारण म्हणायचं का? एनटीएसबीने कारण म्हणून वायर आणि लेबलच धरलं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कारणांची रांग कुठे थांबवायची याला अंत नाही.

जहाजाचं हे एवढं. सुकाणूबद्दल एकच सांगतो, काहींनी विचारलं की वळवलं का नाही. इमर्जन्सी जनरेटरवर सुकाणूच्या तीन पंपांपैकी एकच चालतो, म्हणजे सुकाणू फिरतं पण हळू, आणि जहाजाला ढकलणारा पंखा फिरत नसेल तर सुकाणूवर पाण्याचा झोत नाही, मग ३०० मीटरचं भरलेलं जहाज त्या वेगात फारसं ऐकत नाही. अँकरचंही तेच, एवढ्या थोड्या वेळात अँकरने एवढं वजन थांबत नाही. धडकेच्या वेळी वेग साडेसहा-सात नॉट होता, सायकल याच्यापेक्षा जोरात जाते.

मग सायकलच्या वेगाने येणाऱ्या वस्तूने पूल का पडला, हा तपासाचा दुसरा अर्धा भाग आणि तो जहाजवाल्यांच्या चर्चेत फार कमी येतो. पूल १९७७ चा. १९८० मध्ये याच पुलाला 'ब्लू नागोया' नावाचं कंटेनर जहाज लागलं होतं, तेही पॉवर गेल्यामुळेच, आणि पुलाला किरकोळ इजा झाली. 'डाली' त्याच्या साधारण दहापट. त्याच १९८० मध्ये फ्लोरिडात सनशाइन स्कायवे पुलाला जहाज लागून ३५ माणसं गेली, त्यानंतर पुलांना जहाज लागण्याचा धोका मोजायची पद्धत ठरली, आकडेमोड ठरली, पण सक्ती नवीन पुलांना, जुन्यांना नुसती शिफारस. स्कॉट की पुलाची ती आकडेमोड कोणी केलीच नाही. अपघातानंतर एनटीएसबीने केली, तर धोका मान्य मर्यादेच्या जवळजवळ ३० पट निघाला. आणि १९ राज्यांतले आणखी ६८ पूल असे निघाले ज्यांची मोजणी झालेली नव्हती. जहाजं दहापट होत गेली आणि खांब तिथेच उभा, आणि मधल्या चाळीस वर्षांत हे कोणी कागदावर मांडलं नाही. ज्यांना फक्त वायर आठवते त्यांनी हा ३० चा आकडा पण शेजारी लिहून ठेवावा.

जहाज पडलेल्या पुलाखाली आठवडे अडकून पडलं, १३ मेला स्फोट करून पुलाचा सांगाडा जहाजावरून उडवला तेव्हा क्रू आतच होता, २० मेला जहाज तरंगतं करून नेलं. त्या २१ जणांबद्दल त्या काळात काय काय लिहिलं गेलं ते आठवलं की अजून राग येतो.

मेले ते सहा जण, सगळे पुलावर रात्री खड्डे बुजवणारे कामगार. वर एकूण आठ माणसं होती, सात कामगार आणि एक इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर पळून वाचला, एक कामगार पाण्यात पडूनही वाचला. पायलटने रेडिओवर सांगितल्यावर पुलाच्या दोन्ही टोकांना पोलिसांनी गाड्या थांबवल्या, वेळेत थांबवल्या, त्यामुळे बाकी कोणी गेलं नाही. पण वर काम करणाऱ्यांना कळवायची सोयच कोणी करून ठेवलेली नव्हती. तपासात निघालं ते असं की पोलिसांना पूल बंद करायला सांगितलं त्याच सुमाराला कामगारांनाही कळलं असतं, तर गाडीत बसून पुलाच्या न पडलेल्या भागापर्यंत जायला त्यांना बहुतेक वेळ मिळाला असता. रेडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये एक पोलीस म्हणतो की वर माणसं कामाला आहेत, त्यांच्या फोरमनला सांगायला हवं, त्यांना थोडा वेळ खाली घेता येईल का बघा. दुसरा म्हणतो, आणखी एक गाडी आली की मी स्वतः वर जाऊन त्यांना घेऊन येतो. आणि मग तिसरा आवाज येतो की पूल पडला.